डाय न देता मूत्रपिंडातली गाठ ओळखणे: सूक्ष्म बुडबुड्यांच्या सोनोग्राफीवर कितपत विसंबावे?

वारणाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझे वडील ६८ वर्षांचे असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आणि उच्च रक्तदाब आहे. सध्या क्रिएटिनिन २.४ आणि ई-जीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाजी आकडा, २८ आहे. मागच्या महिन्यात नेहमीच्या तपासणीत पोटाची सोनोग्राफी केली, तेव्हा दोन्ही मूत्रपिंडांत एकेक गाठ दिसली. त्यांना त्रास काहीच नाही, लघवीतून रक्तही जात नाही.

डाव्या मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाशी २.६ सेंमीची गाठ आहे. ती घट्ट द्रव असलेली सिस्ट, म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, आहे की घन गाठ, हे निश्चित सांगता येत नाही आणि कलर डॉपलरवर रक्तप्रवाह दिसला नाही, असे अहवालात लिहिले आहे. उजवीकडे १.४ सेंमीची, पांढरी चकचकीत दिसणारी गाठ असून तिच्यापुढे 'बहुधा अँजिओमायोलिपोमा' (चरबी असलेली निरुपद्रवी गाठ) असा शेरा आहे. नंतर डाय (शिरेतून टोचायचे कॉन्ट्रास्ट द्रव्य) न देता सीटी स्कॅन केला. त्यात डावीकडच्या गाठीची घनता ३८ हाउन्सफील्ड युनिट (सीटीवरील घनतेचे एकक) आली. उजवीकडच्या गाठीची घनता अहवालात दिलेलीच नाही. पुढील निदानासाठी डाय देऊन सीटी किंवा एमआरआय करावा, असा सल्ला शेवटी आहे.

मूत्रपिंडविकारतज्ज्ञ डाय देण्यास फारसे उत्सुक नाहीत. मूत्ररोगतज्ज्ञांनी बायोप्सीचा विषय काढला, पण वडील तिला तयार नाहीत. एका परिचित डॉक्टरांनी कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी, म्हणजे शिरेतून सूक्ष्म बुडबुडे टोचून केली जाणारी सोनोग्राफी, सुचवली आणि तिचा मूत्रपिंडांवर भार पडत नाही असे सांगितले. साधी गाठ आणि कर्करोग हा फरक या तपासणीत खरोखर कळतो का? कळत असेल तर तो कितपत खात्रीने, आणि दोन्ही गाठींसाठी ती उपयोगी आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तरंगलांबी

मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि ही तपासणी करतो. आपल्या दोन गाठींसाठी माझी उत्तरे वेगवेगळी आहेत. डावीकडच्या गाठीसाठी ही तपासणी अगदी योग्य आहे. उजवीकडच्या गाठीसाठी तिची गरज नाही आणि ती केली तरी केवळ तिच्या निष्कर्षावर मी विसंबणार नाही. असे का, हे समजण्यासाठी बुडबुडे नेमके काय दाखवतात ते आधी पाहावे लागेल.

सर्वाधिक वापरात असलेल्या सोनोव्ह्यू या द्रव्यात सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू फॉस्फोलिपिडच्या अतिशय पातळ आवरणात बंदिस्त केलेला असतो. बुडबुड्याचा सरासरी व्यास सुमारे अडीच मायक्रॉन, म्हणजे तांबड्या पेशीपेक्षाही कमी असतो. त्यामुळे तो फुफ्फुसांतल्या केशवाहिन्या सहज ओलांडून सर्वत्र पोहोचतो, परंतु रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर झिरपत नाही. सीटीची आयोडीनयुक्त डाय आणि एमआरआयचे गॅडोलिनियम ही दोन्ही द्रव्ये रक्तवाहिनीबाहेर ऊतींमध्ये उतरतात आणि शेवटी मूत्रपिंडांतून गाळली जातात. बुडबुडे मात्र रक्ताबरोबर फिरत राहतात, काही मिनिटांत विरतात आणि त्यांतला वायू उच्छ्वासावाटे निघून जातो. म्हणूनच मूत्रपिंडांवर भार पडत नाही हे आपल्या परिचितांचे म्हणणे बरोबर आहे. निदानाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की गाठीच्या आत बुडबुडा दिसला, तर तिथे रक्तवाहिनी आहे याबद्दल शंका उरत नाही.

तपासणीच्या वेळी यंत्राची ऊर्जा मुद्दाम फार कमी, मेकॅनिकल इंडेक्स (ध्वनिलहरींच्या जोराचे माप) ०.१ च्या आसपास ठेवली जाते, कारण जास्त ऊर्जेने बुडबुडे फुटतात. अशा मंद ध्वनिलहरींनाही बुडबुडे एका वेगळ्याच प्रकारे, विषम आंदोलनांनी प्रतिसाद देतात आणि तेवढाच प्रतिसाद वेचून आजूबाजूच्या ऊतींचा संकेत दाबून टाकणे कॉन्ट्रास्ट मोडला शक्य होते. कलर डॉपलरचे तसे नाही. त्याला ठरावीक वेगापेक्षा संथ प्रवाह पकडता येत नाही. तेव्हा डॉपलरवर प्रवाह दिसला नाही या वाक्याचा अर्थ रक्तपुरवठा नाही असा कृपया घेऊ नये. कर्करोगाच्या काही गाठींत रक्तप्रवाह इतका मंद असतो की डॉपलर त्यांच्यावर पूर्ण गप्प राहतो.

द्रव्य टोचल्यापासून साधारण १० ते १५ सेकंदांत मूत्रपिंडाचा बाहेरचा थर, म्हणजे कॉर्टेक्स उजळतो आणि त्यानंतर आतला मेड्युला हळूहळू भरत जातो. गाठ या शेजारच्या कॉर्टेक्सच्या तुलनेत केव्हा उजळते, किती उजळते आणि केव्हा फिकी पडते, हे आम्ही पाहतो. पहिला मिनिटभराचा काळ सर्वांत मोलाचा असल्यामुळे त्याचे सलग चित्रण ठेवले जाते. आपल्या वडिलांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. जुन्या मूत्रपिंडविकारात कॉर्टेक्स स्वतःच कमी उजळतो आणि लवकर फिका पडतो, त्यामुळे गाठ तुलनेने अधिक उजळ भासू शकते. तपासणाऱ्याला ई-जीएफआर आधी माहीत असणे म्हणूनच आवश्यक आहे.

या तपासणीचा सर्वांत निःसंदिग्ध उपयोग गाठ नसलेल्या गाठींत होतो. कॉर्टेक्सचा एखादा जाड स्तंभ आत शिरलेला असतो, डाव्या मूत्रपिंडावर प्लीहेच्या दाबाने उंचवटा आलेला असतो किंवा जन्मापासूनचे खंड तसेच राहिलेले असतात. साध्या सोनोग्राफीत हे सारे ट्यूमरसारखे दिसू शकते. बुडबुडे दिल्यावर असा भाग शेजारच्या कॉर्टेक्सबरोबरच उजळतो, तितकाच उजळतो आणि शेवटपर्यंत तसाच राहतो. प्रश्न तिथेच संपतो. अशा रुग्णांना पुढे सीटीला पाठवण्याचे मला काही कारण दिसत नाही.

दुसरा उपयोग आपल्या डावीकडच्या गाठीसारख्या ठिकाणी आहे. डाय न देता केलेल्या सीटीत पाण्यासारखा द्रव असलेली साधी सिस्ट साधारण ० ते २० युनिटांच्या दरम्यान मोजली जाते. गाठ एकसारखी असून ७० युनिटांच्या वर असेल, तर ती जुना रक्तस्राव झालेली सिस्ट मानता येते. मधल्या पट्ट्यात मात्र घट्ट द्रवाची सिस्टही असू शकते आणि घन ट्यूमरही असू शकतो. आपले ३८ नेमके या पट्ट्यात पडतात, आणि अहवालात टाळाटाळ केली आहे असे आपणास वाटत असेल तर तसे नाही. तेवढ्या माहितीवर याहून ठाम लिहिणे शक्यच नव्हते. आता या गाठीत बुडबुडे गेलेच नाहीत, तर ती सिस्ट ठरते. आत सर्वत्र बुडबुडे पसरले, तर ती घन गाठ ठरते. भिंतीवरचा एखादा कोंब किंवा जाड पडदा तेवढा उजळला, तर ती गुंतागुंतीची सिस्ट म्हणून वर्गीकरणात जाते. २०१४ साली 'रेडिओलॉजी' या नियतकालिकात अमेरिकेतील एका केंद्राचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात ७२१ रुग्णांच्या १०१८ अनिश्चित गाठी तपासल्या होत्या आणि संवेदनशीलता (कर्करोगाच्या गाठी ओळखण्याचे प्रमाण) १०० टक्के व विशिष्टता (निरुपद्रवी गाठी तशा ओळखण्याचे प्रमाण) ९५ टक्के आली होती. मी हे आकडे जसेच्या तसे डोक्यावर घेत नाही, कारण तो एकाच अनुभवी केंद्राचा अभ्यास आहे आणि निरुपद्रवी ठरलेल्या अनेक गाठी शस्त्रक्रियेने नव्हे, तर पुढच्या पाठपुराव्यावरून तशा ठरवल्या गेल्या. तरीही बुडबुडे न दिसण्याचे मूल्य मोठे आहे, हा त्याचा रोख रोजच्या अनुभवाशी जुळतो.

आता मर्यादेकडे येऊ. गाठ घन आहे आणि तिला रक्तपुरवठा आहे एवढे ठरल्यावर ती कोणत्या जातीची, हे बुडबुडे खात्रीने सांगू शकत नाहीत. क्लिअर सेल प्रकारचा कर्करोग पुष्कळदा लवकर आणि भरपूर उजळतो, मग कॉर्टेक्सच्या आधी फिका पडतो आणि त्याच्याभोवती आवरणाची उजळ कडा दिसते. पॅपिलरी प्रकार उशिरा आणि कमी उजळतो. अँजिओमायोलिपोमा एकसारखा आणि संथपणे भरतो. पुस्तकात हे सारे नीटनेटके वाटते, प्रत्यक्षात या चित्रांची इतकी सरमिसळ होते की एका रुग्णापुरते त्यावर निदान बेतणे धाडसाचे आहे. ऑन्कोसायटोमा ही निरुपद्रवी गाठ तर क्लिअर सेल कर्करोगासारखीच उजळून भल्याभल्यांना चकवते. म्हणून आपल्या मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे: सिस्ट की घन, आणि खरी गाठ की भास, हे ही तपासणी फार चांगले सांगते. घन गाठींपैकी निरुपद्रवी कोणती आणि कर्करोग कोणता, हे ती पुरेशा खात्रीने सांगत नाही.

उजवीकडच्या गाठीला हेच लागू होते. लहान आणि पांढरी चकचकीत गाठ बहुतेक वेळा अँजिओमायोलिपोमा असते हे खरे, पण तीन सेंटिमीटरांहून लहान कर्करोगही बऱ्याचदा तसाच पांढरा दिसतो. इथे निर्णय चरबी करते. आपल्याकडे डाय न दिलेला सीटी आधीच झालेला आहे. तीन मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप काढून त्या १.४ सेंमीच्या गाठीत लहान वर्तुळ ठेवावे आणि घनता मोजावी, अशी विनंती त्या केंद्राला करा. जाड कापात शेजारची ऊती मिसळते आणि चरबी झाकली जाते. घनता उणे १० युनिटांच्या स्पष्टपणे खाली गेली, तर ती चरबी आहे आणि निदान अँजिओमायोलिपोमा आहे. नवी तपासणी नको, सुई नको, डायही नको. चरबी न सापडल्यास मात्र प्रश्न उघडा राहील, कारण सुमारे पाच टक्के अँजिओमायोलिपोमांत दिसण्याजोगी चरबी नसतेच.

सह्यवारा

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, पण शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या बाजूने काही भर घालतो. मी मूत्ररोगतज्ज्ञ आहे.

बुडबुड्यांच्या तपासणीची अडचण तिच्या संवेदनशीलतेतच आहे. मूत्रपिंडातील सिस्टचे वर्गीकरण न्यूयॉर्कचे रेडिओलॉजिस्ट मॉर्टन बॉस्निएक यांनी १९८६ साली मांडले. ते सीटीवर आधारलेले होते. २०१९ साली त्याची सुधारित आवृत्ती आली, तिच्यात सीटीबरोबर एमआरआयलाही स्थान मिळाले, कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीला मात्र मिळाले नाही. त्यानंतर युरोपीय अल्ट्रासाउंड महासंघाने बुडबुड्यांच्या तपासणीसाठी बेतलेला वेगळा प्रस्ताव मांडला. या तपशिलाला व्यवहारात महत्त्व आहे. सीटीत न दिसणारे बारीक पडदे सोनोग्राफीत दिसतात, त्यांच्यातून सरकणारे बुडबुडेही दिसतात, आणि सीटीवर दुसऱ्या श्रेणीत बसणारी सिस्ट सोनोग्राफीवर एक पायरी वर चढते. पहिल्या दोन श्रेणी निरुपद्रवी, तिसऱ्या श्रेणीतल्या साधारण निम्म्या आणि चौथीतल्या सुमारे नव्वद टक्के गाठी कर्करोगाच्या, हे प्रमाण आपण सीटीवरून शिकलो. सोनोग्राफीने वर चढवलेल्या सिस्टला ते तसेच लावले, तर विनाकारण शस्त्रक्रिया होऊ शकते. पातळ पडद्यातून एखाद-दुसरा बुडबुडा सरकताना दिसणे हे कर्करोगाचे चिन्ह धरत नाहीत. अहवाल लिहिणाऱ्याला हे माहीत हवे, आणि अहवाल वाचणाऱ्यालाही.

दुसरा मुद्दा निर्णयाचा. ई-जीएफआर २८ असलेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडाचा कोणताही भाग काढणे हा हलक्याने घेण्याचा निर्णय नाही, कारण उरलेले कार्य डायलिसिसच्या उंबरठ्यापासून फार दूर नसते. चार सेंटिमीटरांपर्यंतच्या ज्या घन गाठी शस्त्रक्रियेने काढल्या जातात, त्यांतल्या सुमारे एक पंचमांश पॅथॉलॉजीच्या अहवालात निरुपद्रवी निघतात. एवढ्या लहान गाठी बहुधा संथ वाढतात, वर्षाला सरासरी तीन-चार मिलिमीटर, आणि त्या देखरेखीखाली असताना कर्करोग इतरत्र पसरण्याचे प्रमाण फार कमी असते. त्यामुळे डावीकडची गाठ घन निघाली तरी लगेच शस्त्रक्रियेची तारीख घ्यायची, असे होत नाही. ठरावीक अंतराने मोजमाप, बायोप्सी, सुईने गाठ गोठवणे किंवा जाळणे, आणि मूत्रपिंडाचा फक्त तेवढा भाग काढणे, असे पर्याय असतात. सुईने नष्ट करण्याची पद्धत घन गाठीला अधिक मानवते. सिस्ट तिसऱ्या श्रेणीची निघाली, तर तिथेही देखरेखीचा पर्याय मान्य आहे.

बायोप्सीबद्दल वडिलांच्या मनात भीती असेल तर ती समजण्यासारखी आहे. सुईच्या मार्गाने कर्करोग पसरतो हा समज मात्र जुन्या काळातला आहे. बाहेरच्या पोकळ नळीतून सुई घालण्याच्या आजच्या पद्धतीत तसे क्वचितच घडते. बायोप्सीचा खरा प्रश्न वेगळा आहे. काही वेळा नमुना पुरेसा मिळत नाही, आणि बरीचशी पोकळ असलेल्या सिस्टमध्ये तर ती फारशी उपयोगाचीच नसते. म्हणून आधी सिस्ट की घन हे ठरवावे, मग सुईचा विचार करावा. या क्रमात बुडबुड्यांची तपासणी बायोप्सीच्या आधी येते, हे मला पटते.

एक अपुरेपणा नोंदवून ठेवतो. सोनोग्राफीत एका वेळी एकच गाठ पाहता येते. गाठ कर्करोगाचीच ठरली, तर लसिकाग्रंथी, फुफ्फुसे आणि इतर अवयव यांसाठी सीटी किंवा एमआरआय लागतोच.

निर्झर

मूत्रपिंडविकारतज्ज्ञ म्हणून दोन-तीन गोष्टी लिहितो.

डाय म्हणजे मूत्रपिंडांना विष, हा समज आता बराच सौम्य झाला आहे. आयोडीनयुक्त डायचा धोका पूर्वी वाटत होता त्याहून कमी आहे, असे अमेरिकेतील रेडिओलॉजी आणि मूत्रपिंडविकार या दोन्ही क्षेत्रांतल्या संस्थांनी २०२० साली संयुक्तपणे मांडले. तरीही ई-जीएफआर ३० च्या खाली असताना शिरेतून सलाइन देणे यांसारखी काळजी घ्यावी, असे तेही म्हणतात. आपल्या वडिलांचा आकडा २८ आहे आणि मधुमेह सोबतीला आहे. तेव्हा आपल्या डॉक्टरांची सावधगिरी योग्य आहे, पण डाय द्यायचीच नाही अशी लक्ष्मणरेषा मी आखणार नाही. गॅडोलिनियमबाबत २००६ साली त्वचा आणि इतर ऊती कठीण करणाऱ्या एका गंभीर विकाराशी संबंध उघड झाला आणि त्यानंतर जगभर धास्ती बसली. हे प्रकार प्रामुख्याने जुन्या, साखळीरचनेच्या द्रव्यांशी जोडलेले होते. आज वापरात असलेल्या स्थिर, वलयाकार रचनेच्या द्रव्यांत तो धोका अत्यंत कमी आहे. म्हणजे बुडबुड्यांच्या तपासणीतून उत्तर मिळाले नाही, तर एमआरआयचा रस्ता बंद झालेला नाही.

बुडबुड्यांच्या सुरक्षिततेबद्दल: इटलीमध्ये पोटाच्या २३,१८८ तपासण्यांचा आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात २९ रुग्णांना काही ना काही त्रास झाला, त्यांपैकी दोघांचा गंभीर होता आणि मृत्यू एकही नव्हता. याच्या बरोबरीने दुसरी बाजूही सांगायला हवी. २००७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयाच्या तपासणीत वापरल्या जाणाऱ्या बुडबुड्यांच्या द्रव्यांवर कडक इशारा छापायला लावला होता. पुढे तो पुष्कळ सौम्य करण्यात आला. तीव्र ॲलर्जी क्वचित होते, पण होऊ शकते, म्हणून तपासणीच्या खोलीत तातडीच्या उपचारांची तयारी असलीच पाहिजे. या द्रव्यांत पॉलिएथिलीन ग्लायकॉल असते. बद्धकोष्ठतेच्या काही पावडरींत आणि आतड्याच्या दुर्बिणीपूर्वी पोट साफ करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या द्रावणातही तेच असते. अशा औषधाने वडिलांना कधी अंगावर पित्त उठणे, धाप लागणे असा त्रास झाला असेल, तर ते आधी सांगावे.

वारणाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सीटी केंद्राला विनंती केल्यावर त्यांनी पातळ काप पुन्हा पाहून उजवीकडच्या गाठीची घनता उणे ५४ असल्याची पुरवणी नोंद दिली आहे.

आता डावीकडच्या गाठीपुरते दोन प्रश्न उरतात. वडिलांच्या टूडी इकोमध्ये फुफ्फुसांतील रक्तदाब थोडा वाढलेला, ४० असा लिहिला आहे. यामुळे तपासणीला अडचण येईल का? आणि बुडबुडे आत गेले नाहीत, तर विषय कायमचा संपला असे समजावे का?

थेम्सकाठी

मी लंडनमध्ये सोनोग्राफर म्हणून काम करते. इथे यकृतातील गाठींसाठी सोनोव्ह्यूच्या वापराला २०१२ साली नाइस या ब्रिटिश आरोग्य-मार्गदर्शक संस्थेने मान्यता दिली आणि त्यानंतर ही तपासणी अनेक रुग्णालयांत रुळली. मूत्रपिंडासाठी ती सर्रास होत असली, तरी औषधाच्या परवान्यावर मूत्रपिंडाचे नाव नाही. अमेरिकेतही २०१६ साली परवानगी मिळाली ती यकृतापुरती. त्यामुळे संमतिपत्रावर सही घेताना तसे सांगितले गेले तर घाबरू नका.

केंद्र निवडताना फोनवर विचारण्यासारखे प्रश्न मोजके आहेत. यंत्रात कॉन्ट्रास्ट मोड आहे का, द्रव्य त्यांच्याकडे उपलब्ध असते की मागवावे लागते, आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या ते नियमित करतात का. फक्त यकृताचा अनुभव असलेल्या ठिकाणी मूत्रपिंडाची वेळापत्रके थोडी अनोळखी वाटू शकतात, कारण इथे सगळे फार लवकर घडते. मूत्रपिंड आधी उजळते आणि यकृत मागाहून.

सुई शक्यतो कोपराच्या पुढच्या मोठ्या शिरेत, २० क्रमांकाची किंवा त्याहून जाड लावलेली बरी. बारीक नळीतून जोराने ढकलले की बुडबुडे वाटेतच फुटतात. द्रव्य फारच थोडे, एक ते अडीच मिलिलिटर असते आणि त्यामागून सलाइन ढकलतात. रुग्णाला एका कुशीवर झोपवून श्वास कसा घ्यायचा याची आधी तालीम करून घेतली, तर वरच्या टोकाची गाठ बरगड्यांमागे लपत नाही. वडिलांना ऐकायला कमी येत असेल, तर हे आधी सांगून ठेवा. तपासणी बिघडण्याचे सर्वांत साधे कारण चुकीच्या वेळी घेतलेला खोल श्वास हेच असते. पोट सुटलेले असेल किंवा आतड्यांत वायू असेल, तर आधी साध्या सोनोग्राफीने गाठ नीट दिसते का ते पाहावे. साध्या सोनोग्राफीत जी गाठ दिसत नाही, ती बुडबुड्यांनीही क्वचितच दिसते.

तरंगलांबी

उणे ५४ म्हणजे चरबी. उजवीकडच्या गाठीचे निदान अँजिओमायोलिपोमा असे धरायला आता हरकत नाही. रक्तस्रावाची काळजी साधारण चार सेंटिमीटरांच्या पुढे करावी लागते, त्यामुळे १.४ सेंमीच्या गाठीला अधूनमधून साध्या सोनोग्राफीने मोजण्यापलीकडे काही करायला नको.

फुफ्फुसांतील रक्तदाबाबद्दल: सोनोव्ह्यूच्या युरोपातील माहितीपत्रकानुसार तो ९० च्या वर असेल तर द्रव्य देत नाहीत. ४० चा आकडा त्या वर्ज्य गटात येत नाही. हृदयाच्या उजव्या बाजूकडून डावीकडे रक्त जाऊ देणारे छिद्र, ताब्यात नसलेला रक्तदाब आणि श्वसनाचा तीव्र बिघाड याही गोष्टी त्या पत्रकात वर्ज्य म्हणून दिल्या आहेत. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असेल किंवा छातीत दुखणे अस्थिर असेल, तर पुरेशी देखरेख असल्याशिवाय देऊ नये. इकोचा अहवाल सोबत ठेवा आणि तपासणीच्या दिवशी रक्तदाबाची गोळी चुकवू नका.

बुडबुडे आत गेले नाहीत तर काय, हे 'नाहीत' कशा प्रकारचे आहे यावर ठरेल. गाठ पूर्ण दिसत होती, शेजारचा कॉर्टेक्स चांगला उजळला, तपासणारा पहिल्या सेकंदापासून दोन-तीन मिनिटे तिच्यावर राहिला, आणि भिंत गुळगुळीत असून आत एकही बुडबुडा शिरला नाही, तर ती घट्ट द्रवाची निरुपद्रवी सिस्ट आहे असे मी लिहून देतो. वडिलांचे वय, मूत्रपिंडाची स्थिती आणि ३८ हा मधला आकडा पाहता एकदा सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षाने साधी सोनोग्राफी करून आकार व स्वरूप तसेच आहे ना, हे पाहावे असे मी सुचवेन. नाही तरी मूत्रपिंडविकारासाठी त्यांची सोनोग्राफी होतच राहणार आहे.

याउलट कॉर्टेक्स अंधूकच राहिला, किंवा भिंतीतल्या कॅल्शियममुळे गाठीच्या मागच्या भागावर सावली पडली, तर 'बुडबुडे दिसले नाहीत' या वाक्याला काही किंमत नाही. अशा वेळी द्रव्य पुन्हा देता येते. यंत्राची ऊर्जा क्षणभर वाढवून उरलेले बुडबुडे फोडतात, गाठीतील चित्र कोरे करतात आणि नव्याने भरताना पाहतात. त्यानंतरही शंका उरली, तर निर्झर यांनी म्हटल्याप्रमाणे एमआरआय. पॅपिलरी कर्करोगाबद्दलची भीती इथेच असते, कारण तो सीटीवर इतका कमी उजळतो की सिस्टसारखा भासतो. बुडबुड्यांच्या तपासणीत तो पूर्ण काळा न राहता उशिरा, विरळ का होईना, भरताना दिसतो. म्हणून पहिल्या वीस सेकंदांत काही दिसले नाही की प्रोब उचलणाऱ्याच्या अहवालावर मी विसंबत नाही.

शिफारसपत्रात मूत्ररोगतज्ज्ञांना फक्त 'मूत्रपिंडाची कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी' असे लिहू देऊ नका. असे लिहून घ्या: 'डावे मूत्रपिंड, वरचे टोक, २.६ सेंमी, डाय न दिलेल्या सीटीत ३८ युनिट, ई-जीएफआर २८. गाठीच्या आत, भिंतीत किंवा पडद्यांत रक्तपुरवठा आहे का? शेजारच्या कॉर्टेक्सच्या तुलनेत केव्हा व किती? चलच्चित्रण सोबत द्यावे.' आणि ते चलच्चित्रण सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्या. कागदावर छापलेल्या चार स्थिर चित्रांवरून दुसऱ्या कोणालाही या तपासणीबद्दल मत देता येत नाही.